वर्षातून एकदा ओहोटी

गेल्या दिवाळीत ठाण्याहून माझा भाचा आमच्याकडे इंदूरला आला होता. वय वर्षं एकोणीस, पाठीवर सॅक, गळ्यात दुर्बीण आणि तोंडात सतत पक्ष्यांची नावं. ठाण्याच्या खाडीवर, भांडुपच्या पंपिंग स्टेशनजवळ भल्या पहाटे जाऊन चिखलात उभी राहणारी जी मुलं असतात, त्यांपैकी तो एक. पहिल्याच सकाळी पोह्यांवर सेव आणि जिरावण भुरभुरता भुरभुरता मी सहज म्हटलं, "रविवारी चल, तुला आमच्याकडचे किनाऱ्यावरचे पक्षी दाखवते."

त्याचा चमचा हवेतच थांबला. "मावशी, तुमच्याकडे किनारा कुठे आहे?"

प्रश्न रास्त होता. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचावर, माळव्याच्या पठारावर वसलेलं. सगळ्यात जवळचा समुद्र खंबायतच्या आखाताचा, तोही सरळ रेषेत तीनशे किलोमीटरच्या पुढे. आमच्या छपरावर पडलेला पाऊस कान्ह नदीतून क्षिप्रेत, तिथून चंबळ, यमुना, गंगा असा अर्धा देश ओलांडून बंगालच्या उपसागराला मिळतो. महूच्या पलीकडे घाटात पडलेला पाऊस मात्र नर्मदेतून अरबी समुद्राकडे जातो. दोन समुद्रांना पाणी पाठवायचं आणि स्वतः दोन्हींपासून लांब राहायचं, असं आमचं गाव.

आमच्या घराण्याचा समुद्राशी संबंध म्हणाल तर पाच-सहा वर्षांतून एकदा गुहागरला व्याडेश्वराच्या दर्शनाला जाण्यापुरता. पणजोबा तिथून होळकरांच्या नोकरीत इंदूरला आले आणि आम्ही इथलेच झालो. लहानपणी गुहागरला गेले की सगळी भावंडं लाटांत खेळायची आणि मी वाळूवर बसून ती छोटी राखी पाखरं बघायची. लाट मागे गेली की तिच्या मागे धावायची, लाट आली की तिच्यापुढे पळत सुटायची. पाय ओले होऊ नयेत म्हणून आमच्या आत्या पळायच्या तशीच अगदी. मोठेपणी कळलं की त्यांचं सगळं लक्ष लाटेकडे नसतंच, लाटेने मागे ठेवलेल्या ओल्या पट्टीकडे असतं. जेवण तिथे वाढलेलं असतं.

रविवारी आम्ही धार रोडवरच्या सिरपूर तलावावर गेलो. पुढे जाण्याआधी या तलावाबद्दल दोन शब्द. तो होळकरांच्या काळातला, माणसाने बांधलेला तलाव. पण इतकी वर्षं गेली की आता तो आपोआप तयार झाल्यासारखाच वाटतो. नव्वदच्या दशकात त्याची अवस्था वाईट होती. पाणी आटत चाललेलं, कडेने अतिक्रमणं, मासेमारी, शिकार. तेव्हा भालू मोंढे या आपल्या मराठी चित्रकार-छायाचित्रकाराने आणि 'द नेचर व्हॉलंटिअर्स' संस्थेतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी हा तलाव उचलून धरला. अर्जविनंत्या, पहारे, भांडणं, शाळेतल्या मुलांना घेऊन येणं, हे त्यांनी वर्षानुवर्षं केलं. मोंढ्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. २०२२च्या ऑगस्टमध्ये सिरपूर आणि हातोदकडचा यशवंत सागर ही दोन्ही नावं रामसर पाणथळींच्या जागतिक यादीत आल्याचं जाहीर झालं, आणि जानेवारी २०२५मध्ये इंदूरला उदयपूरच्या बरोबरीने रामसरचं 'पाणथळ शहर' हे मानांकन मिळालं. भारतातली ही पहिलीच दोन शहरं. स्वच्छतेच्या बक्षिसाबद्दल आम्ही इंदूरकर पाहुण्यांचे कान किटवतो, या मानांकनाबद्दल मात्र निम्म्या लोकांना पत्ताच नाही!

तर सिरपूर. पाळीवरून खाली बघितल्याबरोबर भाचा म्हणाला, "अरे! शेकाट्या!"

ज्यांनी हा पक्षी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. अंग कबुतराहून थोडं लहान, पोट पांढरंशुभ्र, पंख काळे, चोच स्वेटर विणायच्या सुईसारखी सरळ, बारीक आणि काळी. आणि पाय! गुलाबी-लाल, काडीसारखे, आणि इतके लांब की देवाने दुसऱ्याच कुठल्या पक्ष्याचे चुकून याला लावले असावेत. अंगाच्या मानाने याच्याहून लांब पाय फक्त रोहित पक्ष्याचे. उडताना ते मागे शेपटीच्या कितीतरी बाहेर लोंबत राहतात. हिंदीत याला गजपाँव म्हणतात. हा गज हत्तीचा नसून कापड मोजायचा असणार, असं तलावावर रोज फिरायला येणाऱ्या एका काकांचं मत आहे आणि मला ते पटतं. त्याचा गुडघा उलटा वाकतो असं मुलं हसून सांगतात. पण जो गुडघा वाटतो तो खरं तर घोटा असतो. खरा गुडघा वर पिसांत लपलेला असतो.

शेकाट्या भाच्याच्या रोजच्या ओळखीचा. ठाण्याच्या खाडीत, मिठागरांत, उरणकडे तो शेकड्यांनी बघतो. तो इथे, माळव्यात, गुडघाभर (म्हणजे घोटाभर) पाण्यात निवांत पावलं टाकत किडे टिपत होता. त्याच्या अलीकडे, जिथे पाणी संपून चिखल सुरू होतो तिथे तुतवार शेपूट वरखाली हलवत फिरत होते. त्याहून अलीकडे, जवळजवळ कोरड्या मातीवर, कंठेरी चिखल्या. चार पावलं धावायचं, ब्रेक लावल्यासारखं थांबायचं, टिपायचं, पुन्हा धावायचं. चिखल्याचे डोळे मोठे, तो बघून खातो. तुतवार-टिलव्यांच्या चोचीच्या टोकाला स्पर्श कळतो, ते चिखलात चोच खुपसून न बघता खातात. पाय आणि चोच यांच्या लांबीवर प्रत्येकाची जागा ठरलेली. लग्नातल्या पंगतीसारखं. पाट ज्याचा त्याचा, आणि वाढप एकाच वेळी सगळ्यांना.

छोटा टिलवा तर मला फार आवडतो. चिमणीएवढं वजन आणि जन्म उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रात. मध्य आशियावरून येणाऱ्या हवाई वाटेने तो भारतात हिवाळ्याला येतो. भाच्याने लगेच मोबाइल काढून ऐकवलं की २०२२च्या ऑक्टोबरमध्ये अलास्काहून निघालेला एक पट्टेरी शेपटीचा पाणटिवळा ११ दिवसांत १३,५६० किलोमीटर उडून थेट टास्मानियात उतरला. वाटेत एकदाही थांबला नाही आणि वय होतं पाच महिने. "आणि आई मला एकट्याला इंदूरला सोडायला तयार नव्हती," हे पुढचं वाक्य. पण सगळेच असे एका दमात जात नाहीत. बहुतेकांना वाटेत थांबावं लागतं, पोट भरावं लागतं. आमचे तलाव म्हणजे त्यांच्या प्रवासातलं रतलाम स्टेशन समजा.

"पण मावशी," भाच्याने दुर्बीण खाली घेतली, "भरती-ओहोटीशिवाय यांचं चालतं कसं?"

तेव्हा मी त्याला जे सांगितलं तेच सांगण्यासाठी खरं तर हा लेख लिहायला घेतला. खाडीवर दिवसातून दोनदा पाणी मागे जातं आणि चिखल उघडा पडतो. माळव्यात हेच होतं, पण वर्षातून एकदा. जुलै-ऑगस्टमध्ये तलाव भरतात, ही आमची भरती. दसरा उलटला की ओहोटी लागते आणि ती मृगापर्यंत चालते. आज इथे असलेलं पाणी पुढच्या रविवारी दोन हात आत गेलेलं असतं आणि मागे ताजी, ओली, किड्यांनी भरलेली पट्टी सोडतं. आठ महिने, रोज थोडी थोडी. गुहागरच्या त्या पाखरांना लाट सहा-सात सेकंदांत जे देते ते आमचा तलाव सबंध हिवाळाभर वाढत राहतो. सिरपूरचा तलाव पावसाळ्यातसुद्धा जेमतेम दोन मीटर खोल. माणसाला यात कमीपणा वाटतो, पण शेकाट्याला खोल पाण्याचा काय उपयोग? त्याला वीतभर पाणी पुरतं.

भाचा गप्प झाला. (हे क्वचित घडतं.)

त्याला पुढची गोष्टही सांगितली, ती तुम्हालाही सांगते. तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात आमच्या कॉलनीपासून जवळच्या एका लहान तळ्यावर मी आणि माझी लेक रोज सकाळी जायचो. लेक तेव्हा सहावीत होती. तळ्याचं नाव मुद्दाम देत नाही. पाणी आटून मध्यभागी एक थाळी उरली होती आणि तिच्या कडेला वाळलेल्या चिखलावर शेकाट्याची मादी बसलेली लेकीला दिसली. घरटं म्हणजे काय, एक उथळ खळगा, त्यात चार काड्या, काही खडे आणि चार अंडी. मातकट हिरवट, त्यांवर काळे ठिपके. दहा पावलांवरून बघूनही सापडत नाहीत अशी.

हिवाळी पाहुणे तोवर परत गेलेले असतात, पण शेकाट्या इथेच राहून संसार थाटतो. नर-मादी दोघंही आळीपाळीने अंडी उबवतात. इंदूरच्या मेमध्ये, त्रेचाळीस अंशांत, उबवणं हा शब्दच चुकीचा. अंडी शिजू नयेत म्हणून ते त्यांच्यावर सावली धरून उभे राहतात. शिवाय एक फार शहाणपणाची गोष्ट करतात. ज्याची पाळी संपते तो पाण्यात जाऊन बसतो, पोटाची पिसं चिंब भिजवतो आणि तसाच ओला परत येऊन अंड्यांवर बसतो. आमच्याकडे माठाला ओलं फडकं गुंडाळतात ना, तसं. लेकीने वहीत मोजून ठेवलं होतं, एका सकाळी तासाभरात पाच फेऱ्या. कुत्रं जवळ आलं की दोघांपैकी एक जण पंख तुटल्यासारखा फडफडत, लंगडत दुसरीकडे जायचा. कुत्रं त्याच्या मागे. पुरेसं लांब नेलं की हा 'किक् किक्' करत मजेत उडायचा. लेकीला हे नाटक इतकं आवडलं की घरात अभ्यासाचं नाव काढलं की तीही लंगडायला लागली.

बारा-तेरा दिवस झाले असतील, एका सकाळी तळ्यात पोकलेन उभं. पावसाळ्याआधी गाळ काढून तळं खोल करायचं काम निघालं होतं. आता यात वाईट काय? काही नाही. आमच्या भागात बोअर आटतात, टँकर येतात. तळं खोल झालं तर पाणी मुरेल, हे मलाही कळतं. कॉलनीच्या ग्रुपवर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मीसुद्धा अंगठा दाखवला होता, घरटं सापडायच्या आधी.

लेक थेट मशीनपाशी गेली. वरून ड्रायव्हर ओरडला, "ए बेटा, दूर!" हिने हाताने चार बोटं दाखवली आणि घरट्याकडे हात केला. तो खाली उतरला. धारकडचा तरुण मुलगा होता. अंडी बघून म्हणाला, "टिटहरी के हैं?" आमच्या माळव्यात टिटवीला मान आहे. तिने उंचावर अंडी घातली की पाऊस जोरदार, खोलगट जागी घातली की ओढ, अंडी चार असली तर पावसाचे महिने पूर्ण चार, असा हिशेब खेड्यांतून अजून करतात. टिटवीचं अंड कोणी हलवत नाही. मी खरं सांगायला तोंड उघडलं, पण लेकीने माझ्या हाताला चिमटा काढला. "हो, टिटहरीचीच," ती म्हणाली. तशी टिटवी आणि शेकाट्या लांबची नातेवाईकच आहेत, म्हणून हे अर्धं खोटं मी पोटात घातलं.

त्याने घरट्याभोवती दहा-बारा मोठे दगड गोल मांडले, एका काठीला आपला लाल गमछा बांधला आणि म्हणाला, हा कोपरा मी शेवटी घेईन. आणि दिलेला शब्द त्याने पाळला. सगळं तळं खणून झालं तरी एका कोपऱ्यात ओट्याएवढी जमीन तशीच उभी. तिच्यावर लाल पायांचा तो पक्षी, सभोवती धूळ, डिझेलचा वास, घरघर. पाणी शोधायला त्यांना आता लांब जावं लागायचं, तरी ओलं पोट घेऊन येणं चालूच.

तुम्हाला पंचतंत्रातली टिटवीची गोष्ट आठवत असेल. समुद्राने किनाऱ्यावरची तिची अंडी पळवली, मग सगळे पक्षी गरुडाकडे, गरुड विष्णूकडे, आणि शेवटी समुद्राने मुकाट्याने अंडी परत केली. ज्ञानेश्वर माउलींनीही ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात, गीतेवर बोलू पाहणाऱ्या स्वतःला चोचीने सागर मापू पाहणाऱ्या टिटवीची उपमा दिली आहे. आजी ही गोष्ट सांगायची तेव्हा मला नेहमी प्रश्न पडायचा की ती वेडी टिटवी समुद्राच्या इतक्या जवळ घर करतेच कशाला? त्या मे महिन्यात उत्तर समजलं. अन्न कडेला, पाणी कडेला, सुटकेला मोकळी नजर कडेलाच. दुसरीकडे कुठे जाणार?

चारांपैकी तीन पिल्लं बाहेर आली. एक अंडं तसंच राहिलं. पिल्लं म्हणजे कापसाचे मातकट गोळे, खाली काड्यांचे पाय. जन्मल्यावर काही तासांत धावायला लागतात, भरवायला आई लागत नाही, ती फक्त राखण करते. दोन दिवसांनी कुटुंब उरलेल्या डबक्याच्या पलीकडच्या गवतात गेलं. ड्रायव्हरने गमछा सोडला, झटकला, गळ्यात घातला आणि तो कोपराही खणला. लेकीने त्याला घरची शेवयांची खीर नेऊन दिली.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती दहा वेळा सांगितली असती. पण पावसाळ्यानंतर तळ्याला चारी बाजूंनी दगडी भिंत बांधली गेली. वर चालायचा ट्रॅक, बाकं, रंगीत दिवे. तळं आता देखणं दिसतं, संध्याकाळी आजी-आजोबा फिरतात, माझी सासूही जाते आणि तिच्या गुडघ्यांना तो सपाट ट्रॅक खरोखर मानवतो. पाणी खोल आहे, ते उन्हाळ्यातही भिंतीला टेकलेलं असतं. पाणकावळे येतात, बुड्या मारतात. पण पाणी मागे गेलं तरी ते दगडावरून फूटभर खाली उतरतं, बस्स. चिखलाची पट्टी उघडी पडत नाही. ओहोटी लागतच नाही. त्यानंतरच्या दोन्ही उन्हाळ्यांत शेकाट्या आले नाहीत. चिखल्या नाही, तुतवार नाही. कोणी त्यांना हाकललं नाही, फक्त कड नाहीशी झाली. पक्षी वाचवण्यासाठी ज्या मुलाने गमछा बांधला त्यानेच, पोटासाठी, त्यांचा किनारा खणला. आणि त्या कामाला मीही अंगठा दाखवला होता.

पुढे एका सभेत मी उठून विचारलं, की एका बाजूची तरी भिंत काढून तिथे मातीचा उतार ठेवता येईल का? लोक चांगले असतात, ऐकून घेतात. एकाने विचारलं, "चिखल ठेवायचा? मुद्दाम?" आणि सगळे हसले. मीही हसले. ऐकायला ते विचित्र वाटतंच. पण पुढच्या तळ्याचं काम निघेल तेव्हा मी हेच पुन्हा विचारणार आहे, आणि या वेळी लेक नकाशा काढून देणार आहे. ती आता नववीत आहे, उताराचा कोन वगैरे मला शिकवते.

तुमच्यापैकी जी मुलं इंदूरला सुट्टीत येतात, किंवा इथेच राहून कधी सिरपूरला गेलेली नाहीत, त्यांनी डिसेंबर-जानेवारीत सकाळी सात वाजता जावं. कॅमेरा नसला तरी चालेल, दुर्बीण कोणाची तरी मागून घ्या. पाण्याच्या मधोमध बघू नका, तिथे बदकं असतात आणि ती सगळ्यांनाच दिसतात. पाणी संपतं तिथे बघा. सारस बघायचा असेल तर यशवंत सागरला जावं लागेल, त्यावर पुन्हा कधीतरी लिहीन.

भाचा दिवाळीनंतर परत गेला. या जुलैत त्याला एक फोटो पाठवला. आमच्या मागच्या गल्लीत एक मोकळा प्लॉट आहे, पावसाने त्यात वीतभर पाणी साचलं होतं. 'प्लॉट बिकाऊ है' अशी पाटी, खाली मोबाइल नंबर, आणि पाटीच्या सावलीत दोन शेकाट्या. एक पाण्यात पोट टेकून बसलेला. त्याचं उत्तर लगेच आलं, "घरटं?"

अजून बघितलं नाही. उद्या सकाळी लेकीला घेऊन जाणार आहे.